झील

अंबाजोगाईच्या दवाखान्यात
जुन्या डार्करूमचीच सर्व्हर रूम केलीय.
भिंतींना अजून औषधी पाण्याचा आंबूस वास,
खिळ्याला रॅकची किल्ली,
ट्यूबलाईटमागं एक पाल, तिला मी हाकलत नाही.
रॅकमध्ये दोन स्विच, एकावर एक.
कंपनीनं दिलेली नावं लांबलचक आहेत.
मी म्हणते वरचा आणि खालचा.

वरचा काम करतो.
केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, गोळ्यांचा साठा,
अतिदक्षता विभागातली हिरवी रेघ,
सगळं त्याच्यातून जातं.
खालचा ऐकतो.
दर सेकंदाला वरचा त्याला म्हणतो, आहे.
आहे.
आहे.
कोणतं मशीन कोणत्या तारेला, एवढं सांगतो अधूनमधून,
ते खालचा मुकाट पाठ करून ठेवतो.

"हा कामून ठेवलाय बाई? रिकामाच तर बसायलाय,"
तपासणीला आलेले गुळभिले साहेब म्हणाले होते.
मी म्हणलं, रिकामा नाही सर.
मोजायलाय.

शुक्रवारी रात्री दोन चाळीसला
केजच्या रस्त्यावरून एक पोरगं आणलं,
मोटारसायकल, हेल्मेट नाही.
कुंडलिकनं एक्स-रे काढला, पाठवला.
कपाळ पोचलं. डोळ्यांच्या खोबणी पोचल्या.
तेवढ्यात वरचा गेला.
आवाज नाही, ठिणगी नाही,
मे महिन्यानं फुगवलेला एक कपॅसिटर
आणि जरासा करपट वास.

आहे, आलं नाही.
खालच्यानं मोजलं, एक.
एकदा चुकतं कुणीही. ठसका लागतो, आवंढा येतो.
दोन.
दोनलाही उठू नये, दोघं एकदम बोलाय लागले
तर कुणाचंच ऐकू येत नाही.
तीन.

मग त्यानं कुणाला विचारलं नाही.
वरच्याचं नाव घेतलं, वरच्याचा पत्ता घेतला,
सगळ्या तारांना एकदाच ओरडून सांगितलं,
इकडं या, मी तोच आहे.

वॉर्डातल्या स्क्रीनवर गोल थोडा जास्त फिरला.
शहनाज सिस्टरनं जांभई दिली,
ती पुरी व्हायच्या आत
उरलेला जबडा आला.
अर्धी कवटी वरच्यातून, अर्धी खालच्यातून,
आणि सांधा कुठंच नाही.
सांधा दिसला असता
तर डॉक्टरांनी फ्रॅक्चर लिहिलं असतं.

आमचे आण्णा गोंधळात झील धरायचे.
उभा जन्म संबळाच्या मागं, हातात तुणतुणं.
पहाटे पहाटे नाईकाचा गळा फाटायचा
तेव्हा ओळ खाली पडायच्या आत उचलायचे,
त्याच पट्टीत, जवळपास त्याच्याच आवाजात.
यजमान नारळ नाईकाच्या हातात द्यायचे.
मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटत?
"ओळ पडली का? नाही ना. मंग?"
तेव्हा मला हे पटलं नव्हतं.
आजही पुरतं पटलेलं नाही.

सकाळी रजिस्टरला लिहिलं,
सेवा खंडित: शून्य मिनिटं.
साडेतीन सेकंदांना त्यात रकाना नाही.

नवा स्विच नांदेडहून येणार,
एसटीच्या पार्सलात, सोमवारी दुपारनंतर,
गाडी वेळेवर आली तर.
तोवर हा एकटाच.
कुणी सांगितलं नाही त्याला, की आता गरज नाही,
तो दर सेकंदाला वरच्या काळ्या पेटीला म्हणतोय,
आहे.
आहे.
ऐकणारं तिथं कुणी नाही.

मी टेबलफॅन त्याच्याकडं वळवला,
डबा उघडला, भाकरी मोडली,
स्टूल ओढून हिरव्या दिव्यासमोर बसले.
पाल जागची हलली नाही.

आहे.

एक चुकला की माझा घास थांबतो.